आयपीएक्सई: साधन हुकमी, पण फाइल निवडताना घाई नको

नेटवर्कवरून संगणक सुरू करण्यासाठी आयपीएक्सईइतकं भरवशाचं मोफत साधन दुसरं नाही. 2010 मध्ये जीपीएक्सईतून फुटून निघालेलं हे बूट फर्मवेअर (संगणक सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एचटीटीपीवरूनही आणतं. नेटवर्क बूटची जुनी फाइल-पद्धत टीएफटीपी मुळात 512 बाइटांचा एकेक तुकडा पाठवून प्रत्येकाच्या पोचेसाठी थांबतं, त्यामुळे मोठ्या फाइलींना हा फरक फार मोठा.

अडतं ते नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपाशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामपाशी. आयपीएक्सई वेगवेगळ्या फाइलींच्या रूपात असतं. 'आयपीएक्सई.ईएफआय'मध्ये आयपीएक्सईचे सगळे ड्रायव्हर आहेत म्हणून सरसकट तीच उचलू नका. ती कार्डाचा ताबा स्वतःकडे घेते. तिचा ड्रायव्हर त्या कार्डाशी जुळला नाही, तर कार्डाचा दिवा लागतो पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही. यूईएफआय (मदरबोर्डचं नवं फर्मवेअर) मशीनवर आधी 'एसएनपीओन्ली.ईएफआय' लावा. ती मदरबोर्डच्या फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरते. मात्र ज्या कार्डावरून बूट झालं तेवढंच तिला दिसतं, त्यामुळे पेनड्राइव्हवरून ती चालवून उपयोग नाही. जुन्या बायॉस फर्मवेअरवर हेच काम 'अनडीआयओन्ली.केपीएक्सई' करते. फर्मवेअरचाच ड्रायव्हर सदोष निघाला, तर मग सगळे ड्रायव्हर असलेली फाइल वापरा.

आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरवर मशीनने पाठवलेला पर्याय 93 तपासून फाइल द्या: 0 म्हणजे बायॉस, 7 म्हणजे 64 बिटी यूईएफआय. आयपीएक्सई सुरू झाल्यावर स्वतः पुन्हा आयपी मागतं. तेव्हा पर्याय 77 मध्ये 'आयपीएक्सई' दिसलं की स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, नाहीतर तीच फाइल पुन्हापुन्हा लोड होत राहते.

आयपी मिळत नसेल तर कंट्रोल-बी दाबून 'इफस्टॅट' चालवा. टीएक्स (पाठवलेली पाकिटं) वाढतोय आणि आरएक्स (आलेली पाकिटं) शून्यावरच, असं दिसलं तर ड्रायव्हरआधी स्विच तपासा. स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमधले फेरे टाळणारी स्विचची सोय) पोर्ट साधारण 30 सेकंद अडवलेला असू शकतो.

आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट: कर्नल सुरू झाला की आयपीएक्सईचा ड्रायव्हर संपला. तिथून पुढे लिनक्सच्या इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नलसोबत चढणारी छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था) कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे लिनक्सचा ड्रायव्हर हवा, नाहीतर कर्नल चढतो आणि एनएफएसवरची (नेटवर्कवरून वाटलेली) रूट, म्हणजे मुख्य फाइलव्यवस्था, सापडत नाही. मॉड्यूलचं नाव 'एलएसपीसीआय -एनएनके' सांगतं. डेबियनमध्ये ते इनिटरॅमएफएस-टूल्सच्या मॉड्यूल्स फाइलीत लिहून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. विंडोजसाठी 'बूट.विम' (विंडोज सेटअपची बूट प्रतिमा) माउंट करून 'डिसम' या विंडोजच्या साधनाने ड्रायव्हर घाला. त्याला ड्रायव्हरची आयएनएफ फाइल लागते. सेटअपची ईएक्सई असेल तर आधी उलगडून घ्या.

खटकणारी बाब एकच. स्वतः कंपाइल केलेल्या फाइलीवर सही नसते, म्हणून सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेलं मशीन ती घेत नाही.