वजन उचलण्यासाठी कमी ऑक्सिजन: झडपांचा मास्क आणि हायपॉक्सिक जनरेटर

‘अल्टिट्यूड ट्रेनिंग’ (उंच ठिकाणच्या कमी ऑक्सिजनमध्ये केल्यासारखा व्यायाम) या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. घेणारा फसतो तो इथेच.

पहिली वस्तू म्हणजे नाका-तोंडावर बसणारा झडपांचा मास्क. ‘ट्रेनिंग मास्क २.०’ हे त्यातलं सगळ्यांत परिचित नाव. झडपांची टोपणं बदलली की ३,००० फुटांपासून १८,००० फुटांपर्यंतची उंची मिळते, असा त्याचा दावा. प्रत्यक्षात टोपण बदलल्यावर फक्त भोक लहान होतं. आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच राहतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात सहा आठवडे हा मास्क लावून सायकलिंग करून घेतलं, तेव्हा हिमोग्लोबिनमध्ये काही फरक दिसला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की हा श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आहे, उंचीचा नव्हे. बेंच प्रेस आणि स्क्वॉटमध्ये हा मास्क लावला तर रेप्स (एका सेटमधल्या आवृत्त्या) तेवढ्याच निघतात, पण बार उचलण्याचा वेग घटतो आणि लक्ष विचलित होतं. ताकदीसाठी वेग महत्त्वाचा असल्याने हा तोट्याचा सौदा आहे. वजनाच्या व्यायामासाठी हा मास्क घेऊ नका.

दुसरी वस्तू खरी: हायपॉक्सिक जनरेटर, म्हणजे कमी ऑक्सिजनची हवा तयार करणारं यंत्र. कोविडमध्ये घराघरात पोहोचलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उलटा फिरवल्यासारखं हे यंत्र चालतं. कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांतून पाठवतो आणि झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं. कॉन्सन्ट्रेटर उरलेला ऑक्सिजन रुग्णाला देतो. इथे तो बाहेर सोडला जातो आणि नायट्रोजनने भरलेली हवा नळीतून मास्ककडे येते. ही हवा खरोखरच विरळ ऑक्सिजनची असते: १५.४ टक्के म्हणजे साधारण २,५०० मीटर, १४.५ म्हणजे ३,००० मीटर, १३.५ म्हणजे लेहच्या आसपास. (कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर हा हिशेब १७ टक्क्यांच्या जवळ येतो. त्यामुळे सह्याद्रीत राहून हा परिणाम फुकटात मिळत नाही.)

हा हिशेब समुद्रसपाटीचा आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे १४.५ लावलं तर शरीराला ते ३,५०० मीटरच्या आसपास वाटतं. म्हणून मुंबईतला तक्ता पुण्यात जसाच्या तसा वापरू नका, एक टक्का वर ठेवा.

वजनाच्या व्यायामात बहुतेक यंत्रं तोकडी पडतात ती हवेच्या प्रवाहात. कमी ऑक्सिजनच्या हवेत झोपण्याच्या तंबूसाठी बनवलेलं यंत्र बसलेल्या माणसाला पुरतं. पण जड बैठकांच्या सेटनंतर माणूस मिनिटाला ६० लिटरहून जास्त हवा ओढतो, आणि एकेका श्वासाचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मध्ये साठवणीची पिशवी लागतेच. सेट संपल्यावर पिशवीकडे बघा. ती चपटी होत असेल तर मास्कच्या कडेने खोलीतली हवा आत येते आहे, असं समजा. पडद्यावर १४ दिसतं, फुफ्फुसात १७ जातं. दाढी असेल तर कडेची गळती हमखास होते. ऑक्सिजन मीटर यंत्राच्या तोंडाशी न लावता मास्कजवळच्या नळीत लावा आणि रोज सुरुवातीला मोकळ्या हवेत २०.९ वर जुळवून घ्या. या मीटरचा सेन्सर न वापरताही झिजतो. वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागतो, आणि विकणारा हे क्वचितच सांगतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झिओलाइटला ओल लागते. मग नायट्रोजन धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते आणि ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर सरकतो. यंत्र एसी असलेल्या कोरड्या खोलीत ठेवा, इनलेट फिल्टर वेळेवर बदला आणि मास्क लावण्यापूर्वी यंत्र दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालू द्या. हवा आत घेण्याची जाळी आणि ऑक्सिजन सोडण्याचं तोंड एकाच कोपऱ्यात आलं तरी आकडा बिघडतो.

आता व्यायाम. परिणामाचं मूळ असं, की सेटमध्ये खर्च झालेलं क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूतलं झटपट ऊर्जेचं इंधन) भरून यायला ऑक्सिजन लागतो. तो कमी असला आणि विश्रांती छोटी ठेवली, तर स्नायूत लॅक्टेट साचतं आणि तेवढ्याच वजनात ताण वाढतो. म्हणून १४ ते १६ टक्के ऑक्सिजन, एकदाच उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या ६० ते ७० टक्के वजन, ८ ते १२ रेप्सचे तीन-चार सेट आणि मध्ये ४५ ते ६० सेकंद, ही मांडणी योग्य. ८५ टक्क्यांच्या पुढचं वजन आणि तीन मिनिटांची विश्रांती असेल तर यंत्र लावून हाती फारसं काही लागत नाही, कारण तेवढ्या वेळात स्नायू बऱ्यापैकी सावरतो. पुरावाही एकमुखी नाही: जपानमधल्या २०१० च्या एका अभ्यासात १६ टक्के ऑक्सिजनवर दंडाचे स्नायू अधिक वाढले, इतर अभ्यासांत साध्या हवेतल्या व्यायामापेक्षा काही जास्त मिळालं नाही. दुखापतीमुळे जड वजन बंद असलेल्यांना किंवा हिमालयात जाण्याआधी पाय तयार करणाऱ्यांना यात अर्थ आहे. नुसते दंड फुगवायचे असतील तर तेच पैसे चांगल्या प्रशिक्षकाला द्या.

बार अंगावर घेऊन करायचे प्रकार मास्क लावून करू नका. श्वास रोखून जोर लावताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. लेग प्रेस, केबल आणि बसून करायची मशीन वापरा, बैठकच हवी असेल तर रॅकच्या सेफ्टी पिना लावा. नळी खांद्यावरून मागे घ्या, नाहीतर ती हँडलमध्ये अडकते.

ऑक्सिमीटरच्या बाबतीत कोविडमधली सवय विसरावी लागते. तेव्हा ९४ च्या खाली आल्यावर धावपळ व्हायची, इथे सेटनंतर ८५ अपेक्षित असतं आणि ८० च्या खाली गेलं की मास्क काढायचा. मूठ आवळलेली असताना बोटावरचा आकडा खोटा येतो, कानाच्या पाळीचा प्रोब बरा. सर्वांत कमी आकडा सेट संपल्यानंतर पंधरा ते तीस सेकंदांनी दिसतो. सावळ्या त्वचेवर हे मीटर थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून आपल्याकडे थांबण्याची रेषा ८२ वर ठेवणं शहाणपणाचं.

विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी दोन रक्ततपासण्या टाळू नका. एक हिमोग्लोबिन: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाच्या यादीत होत्या. दुसरी सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार), विशेषतः नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भातल्या इतर भागांतल्या कुटुंबातून आलेल्यांसाठी. फक्त वाहक असलेल्यालाही कमी ऑक्सिजनमधले कष्ट जिवावर बेतू शकतात. गरोदरपण, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही.

जुनं यंत्र घेताना ते अर्धा तास पूर्ण प्रवाहावर चालवायला लावा आणि शेवटच्या पाच मिनिटांत ऑक्सिजनचा आकडा स्वतःच्या मीटरवर बघा. तो अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त वर गेला, तर आतले खडे बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.