आमच्या एअरस्ट्रीमचं कुलूप नेणारा 'जाणकार'

जुन्या ट्रेलरचा सगळा इतिहास काढून देतो, अस्सल सुटे भागही मिळवून देतो, असं म्हणणारा कुणी भेटला तर आधी हे वाचा. आमचे पैसे गेले, त्याचा राग आहेच. पण त्या माणसाने आमच्या ट्रेलरच्या दारावर १९५८ पासून असलेलं कुलूप आमच्याच हातून काढवलं आणि आमच्याच खर्चाने स्वतःकडे पाठवायला लावलं. ते आता कुठे आहे, कुणास ठाऊक.

आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीचं २२ फुटी 'कॅरॅव्हॅनर' मॉडेल. ओहायोतल्या एका आजींकडून घेतला. त्यांच्या यजमानांनी तो इंडियानातल्या एका शाळामास्तरांकडून घेतला होता, एवढीच माहिती त्यांना होती. मागच्या बाजूची जमीन ओल लागून कुजलेली, गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या, पण ॲल्युमिनियमची बॉडी धड होती. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसाच तो परत उभा करायचा, असं मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं. या कामात हात घालण्याआधी शोधाशोध करावी लागते. कोणतं हँडल मूळचं, कोणतं मागाहून बसवलेलं, आतला रंग कोणता होता, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या शोधाशोधीतच तो माणूस भेटला.

जुन्या ट्रेलरांच्या एका मेळाव्यात ओळख झाली. त्याला खरोखरच पुष्कळ माहिती होती, हे मुद्दाम सांगते. डाव्या बाजूच्या एका पत्र्याकडे बघताक्षणी तो म्हणाला, "हा बदललेला आहे." रिव्हेट जवळून दाखवले. कारखान्यातले रिव्हेट भरीव, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेले, त्यांचं डोकं सलग. दुरुस्तीत वापरतात ते ऑलिम्पिक रिव्हेट बाहेरून ओढून बसवतात आणि वरून तासतात, त्यामुळे डोक्याच्या मधोमध बारीक गोल ठिपका उरतो. ते अगदी खरं निघालं. पहिल्या दहा गोष्टी खऱ्या सांगून त्याने आमचा विश्वास कमावला. अकरावी मात्र थाप होती.

आमच्या ट्रेलरच्या पुढच्या खिडकीच्या वर, ऊन तिरपं पडलं की पत्र्यात आकड्यांची पुसट सावली दिसते. वॉली बायम हे एअरस्ट्रीमचे संस्थापक. त्यांच्या नावाचा कॅरॅव्हॅन क्लब १९५५ साली स्थापन झाला. क्लबचे सभासद आपला क्रमांक मोठ्या लाल आकड्यांत ट्रेलरवर चिकटवतात. आकडे निघाले तरी त्यांच्याखालचा पत्रा वेगळा दिसत राहतो. त्या सावलीचा फोटो आम्ही त्याला पाठवला आणि त्याचा फोन आला. आवाज अगदी भारावलेला. "तुम्हाला कल्पना आहे का तुमच्याकडे काय आहे? हा आफ्रिकेला गेलेला ट्रेलर आहे!"

१९५९ साली बायम यांनी ४१ ट्रेलरांचा ताफा केप टाउनहून कैरोकडे नेला होता. चिखलात रुतलेल्या गाड्यांचे आणि पिरॅमिडजवळ उभ्या ट्रेलरांचे फोटो या छंदातल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. त्यातला एक आपल्या अंगणात उभा आहे म्हटल्यावर कुणाचं मन हलणार नाही? साडेतीनशे डॉलरमध्ये तो पूर्ण अहवाल करून देणार होता.

अहवाल देखणा होता. पिवळट कागदावर कारखान्याचं 'बिल्ड शीट' (ट्रेलर बनवताना त्यात काय काय बसवलं याची नोंद), आफ्रिकेच्या ताफ्यातला क्रमांक आणि शेवटी भागांची यादी. या यादीसाठीच सगळा खटाटोप होता, हे नंतर कळलं. तिच्यात लिहिलं होतं की दाराचं कुलूप आणि दोन्ही टेललाइट मूळचे नाहीत, ते १९६५ नंतर कुणीतरी बदललेले आहेत. अस्सल, बार्गमन कंपनीचे भाग त्याच्याकडे होते म्हणे, तेव्हाच्या खोक्यातले, एकदाही न वापरलेले. किंमत दोन हजार डॉलर. मात्र आमचे 'बदललेले' भाग त्याला पाठवले तर चौदाशे, कारण "हे निकामी असले तरी आतल्या स्प्रिंगा मला दुरुस्तीला उपयोगी पडतात." पैसे पेमेंट ॲपवर पाठवायचे आणि तेही मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायाने, म्हणजे त्याचं कमिशन वाचेल. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बिल आल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी हरकत घेता आली असती. त्याने तो रस्ता आधीच बंद करून ठेवला होता.

कुलूप आलं आणि बसेना.

दाराच्या पत्र्यावर जुन्या कुलपाच्या पट्टीचा ठसा होता. बाहेरचा पत्रा इतक्या वर्षांत करडा, मळकट झालेला, पण पट्टीखालचा भाग चकचकीत, कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट. त्या जागी कधी दुसरी पट्टी बसलेली असती तर दुसरी कड दिसली असती, जास्तीची भोकं दिसली असती. तिथे फक्त एकच आकार होता आणि मोजकी चार भोकं. नवी पट्टी त्या ठशावर ठेवली तर चारही बाजूंनी केसभर आत राहत होती. वरचे दोन स्क्रू बसले, खालचे दोन भोकांवर येईनात. नवऱ्याने व्हर्नियर लावला. सहा इंचांच्या पट्टीत जवळपास दीड मिलिमीटरचा फरक.

तो फरक का पडतो, हे ओतकाम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने समजावलं. जुन्या भागाचा साचा घेऊन त्यात नवं ॲल्युमिनियम ओतलं की निवताना धातू आक्रसतो, साधारण एक टक्का. म्हणून नक्कल नेहमी मुळापेक्षा किंचित लहान निघते. अक्षरांच्या कडाही बोथट होतात. आमच्या हातातलं 'खोक्यातलं' कुलूप ही ताजी नक्कल होती. नकला विकणं हा गुन्हा नव्हे. नक्कल म्हणूनच विकणारे प्रामाणिक दुकानदार या छंदात आहेत आणि त्यांच्यामुळेच कितीतरी ट्रेलर रस्त्यावर आहेत. याने मात्र नक्कल देऊन अस्सल नेलं आणि वर आमच्याकडूनच पैसे घेतले.

मग अहवाल पुन्हा बारकाईने वाचला. बिल्ड शीटवर तारीख १९५८ ची आणि खाली जॅक्सन सेंटर, ओहायोच्या कारखान्याचा पत्ता, पाच आकडी झिप कोडसकट. अमेरिकेत झिप कोड सुरू झाला १ जुलै १९६३ ला! त्याच कागदात टॉर्शन ॲक्सल (कमानपाट्यांऐवजी रबराच्या पिळावर धक्के झेलणारा) लिहिलेला. तो एअरस्ट्रीममध्ये आला साठच्या दशकात, आणि आमच्या ट्रेलरखाली वाकून बघितलं तर साध्या कमानपाट्यांवर बसलेला ॲक्सल. आफ्रिकेची कथाही टिकली नाही. क्लबचा लाल क्रमांक सभासदाचा असतो, ट्रेलरचा नसतो. माणसाने ट्रेलर बदलला तर क्रमांक नव्या ट्रेलरवर जातो, सभासदत्व सुटलं तर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे नुसत्या सावलीवरून ट्रेलर आफ्रिकेला गेला, असं कुणीच म्हणू शकत नाही. आणि आमची सावली नीट वाचली तर शेवटचा आकडा त्याने सांगितलेला नव्हताच.

फोनवर तो आधी गोड बोलला. त्या वर्षी कारखाना दोन मापांची कुलपं बसवत असे म्हणे. आमचे जुने भाग परत मागितले तेव्हा म्हणाला, ते भंगारात गेले. त्यानंतर नंबर बंद. भाग टपालाने आले-गेले असल्यामुळे आम्ही पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार केली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडेही नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. तरी तक्रार करा. एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणांहून कागद गेले तर कुणीतरी ते एकत्र ठेवून बघेल.

या सगळ्यात आजींनी फार मदत केली. त्यांनी मास्तरांच्या मुलीचा पत्ता शोधून दिला आणि तिने एक फोटो पाठवला: ट्रेलर कोरा, दारात मास्तर आणि त्यांची बायको उभी, आणि त्यांच्या कोपराशी आमचं कुलूप स्पष्ट दिसतंय. मास्तरांनी ट्रेलर नवाच घेतला होता. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन ते मिशिगनच्या तळ्यांवर जात. ट्रेलर कधी समुद्रापार गेला नाही. मला हा इतिहास आफ्रिकेपेक्षा कितीतरी प्रिय आहे, कारण तो आमच्या ट्रेलरचा आहे.

तुम्ही असं काम काढलं असेल तर आधीच्या मालकाच्या घरच्यांना पहिल्यांदा गाठा, ती माणसं वयस्कर असतात. जुन्या टायटलची, म्हणजे मालकीच्या कागदांची, साखळी राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारा. आतले पत्रे उघडाल तेव्हा बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगावरची शाईची छपाई आणि कामगारांच्या पेन्सिलीच्या खुणा पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. कुणी कारखान्याचा कागद दाखवला तर मूळ कागद कुठल्या संग्रहात आहे ते विचारा आणि तिथे स्वतः फोन करा. आणि जुना भाग, मग तो कितीही गंजलेला असो, नवा भाग बसून, तपासून होईपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका. 'बदली द्या, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

आमच्या कुलपाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली 'आर' आणि 'डब्ल्यू' ही दोन इंग्रजी अक्षरं आहेत, आणि खालच्या उजव्या भोकापाशी एक बारीक चीर. असं बार्गमन कुलूप कुठे विकायला आलेलं दिसलं तर कृपा करून मला कळवा. फोटो आणि तक्रारीचा क्रमांक माझ्याजवळ तयार आहे.