स्ट्रासबुर्गची ट्राम: तीन महिने बाबागाडीसकट वापरल्यावर

लेकीच्या बाळंतपणासाठी फ्रान्सला गेले होते, स्ट्रासबुर्गला. व्हिसा नव्वद दिवसांचा, तो पुरेपूर वसूल केला. आयफेल टॉवरचं विचारू नका, पॅरिस पाहिलं ते एअरपोर्टच्या काचेतून. ट्रामचं मात्र काहीही विचारा. ए ते एफ अशा सहा लाइनी, बहुतेक सगळ्या ऑम द फेर नावाच्या चौकात भेटतात, काचेचं गोल छप्पर आहे, ते सगळं नेटवर मिळेल. मला लिहायचंय ते त्या मशीनबद्दल.

तिकीट काढलं की झालं असं नाही तिथे. व्हॅलिडेट करायला लागतं, म्हणजे मशीनला लावून चालू करून घ्यायला लागतं, आणि ते मशीन ट्राममध्ये नाही, बाहेर प्लॅटफॉर्मवर! आत चढलात की विषय संपला. बरं याच गावातल्या बसमध्ये मशीन आत आहे, मग ट्राममध्ये ठेवायला काय धाड भरलीय? एका हातात बाबागाडी, खांद्याला दुधाच्या बाटल्यांची पिशवी, ट्राम समोर दार उघडून उभी आणि आपण तिकीट हातात घेऊन उलट्या दिशेला चाललोय. जावई शांतपणे म्हणणार, "आई, पुढची सहा मिनिटांत आहे." असेल हो, पण जन्मभर डोंबिवलीला चढलेल्या बाईला समोर उभी असलेली गाडी सोडा म्हणून सांगायचं म्हणजे काय. आणि टीसी आले की एकटे येत नाहीत, घोळक्याने चढतात. त्यांना विकत घेतलेलं कोरं तिकीट दाखवून उपयोग नाही, व्हॅलिडेट नसेल तर दंड. आमचे हे तर ट्राममध्ये बसल्यावरही दर दोन स्टॉपना खिसा चाचपून मला विचारायचे, "केलं ना गं?"

पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर दोन स्टार दिले असते. नंतर लेकीच्या तपासण्या सुरू झाल्या, ओतपिएरच्या हॉस्पिटलला, ए लाइनवर हॉस्पिटलच्याच नावाचा स्टॉप आहे. तेव्हा लक्षात आलं की माझे गुडघे कुरकुरतच नाहीयेत. कारण पायरीच नाही! प्लॅटफॉर्म आणि ट्रामची जमीन एका पातळीत, दारं रुंद, बटण दाबा आणि बाबागाडी सरळ आत ढकला, कोणाला "जरा उचलता का" म्हणायला नको. प्लॅटफॉर्म आणि लोकलमधली फट पाहत आयुष्य गेलं आपलं, त्यामुळे हे माझ्यासाठी फार मोठं आहे, तरुण लोकांना कळायचं नाही.

जावयांनी सांगितलं की जुनी ट्राम यांनी 1960 साली बंद केली होती, म्हणजे आपल्या मुंबईच्या चार वर्षं आधी. मग जमिनीखालून मेट्रो करायची का परत ट्राम आणायची यावर 1989 च्या निवडणुकीत बरीच वादावादी झाली, काथरीन त्रोतमान म्हणून बाई महापौर झाल्या आणि 1994 च्या नोव्हेंबरमध्ये ए लाइन सुरू झाली. बाईंचे उपकार. मेट्रो झाली असती तर प्रत्येक वेळी बाबागाडी घेऊन खाली उतरा, वर चढा. आत्ता फक्त मेन स्टेशनला ए आणि डी जमिनीखाली आहेत, लिफ्ट शोधत बसावं लागतं. बाबागाडी असेल तर सरळ वरून सी पकडा. आपल्या दादर टीटीला नुसतं नाव राहिलंय ट्रामचं, ते आठवून वाईट वाटलं जरा.

आता पैशांचं. एकेरी तिकीट साधारण दोन युरो. मी सोपं म्हणून शंभरने गुणायचे, म्हणजे तीन स्टॉपसाठी दोनशे रुपये, रिक्षावाला परवडला! गावातल्या अठराच्या आतल्या मुलांना 2021 पासून फुकट आहे, पाहुण्या आजीआजोबांना कोण देतंय. पण ट्रिओ नावाचं तिकीट आहे, दोन-तीन माणसं मिळून चोवीस तास कितीही फिरा. आणि हे चोवीस तास म्हणजे रात्री बारापर्यंत नाही, मशीनला लावल्यापासून मोजतात. म्हणजे आज सकाळी अकराला निघालो की उद्या सकाळी दहाची तपासणीसुद्धा त्याच तिकिटात. हे कळल्यावर त्या मशीनवरचा राग थोडा कमी झाला, घड्याळ निदान आपल्या हातात असतं. तरी आत एक बसवायला काय जातं यांचं, हे माझं कायम आहे.

खरी वसुली डी लाइनवर. ही 2017 पासून ऱ्हाईन नदी ओलांडून थेट जर्मनीत जाते, केल नावाच्या गावात, आपल्या नेहमीच्या तिकिटात! तिथे डीएम नावाचं दुकान आहे आणि डायपर, बेबी क्रीम, शाम्पू सगळं फ्रान्सपेक्षा चांगलंच स्वस्त. अर्धं स्ट्रासबुर्ग तिथेच खरेदीला जातं, परतीच्या ट्राममध्ये ज्याच्या त्याच्या मांडीवर डायपरचे गठ्ठे. आमचे हे पूल आला की खिडकीतून नदीचा व्हिडिओ काढायचे, मी पिशव्या मोजायचे. दोन गोष्टी बघून चढा. डी असली तरी प्रत्येक ट्राम केलला जात नाही, काही अलीकडे पोर द्यु रॅंलाच संपतात, पुढची पाटी वाचा. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या हद्दींवर तपासणी परत चालू केलीय, पोलीस ट्राममध्ये चढून विचारू शकतात.

रविवारी केलची दुकानं बंद. आणि फ्रान्सच्या सुट्टीला, म्हणजे 14 जुलै वगैरे, अजिबात जाऊ नका. इकडे सगळं बंद आणि तिकडे चालू, त्यामुळे सगळं गाव त्याच ट्राममध्ये असतं, बाबागाडी सोडा, साधी पिशवी ठेवायला जागा मिळत नाही.