दहावीचा गणिताचा क्लास, बॅच बघून शिकवतात

मुलीला दहावीसाठी घराजवळचा छोटा गणिताचा क्लास लावलाय, मस्त आहे. बॅचमध्ये अर्धी पोरं सेमीची, अर्धी मराठी मिडीयमची, म्हणून मॅडम समजावतात मराठीतून पण फळ्यावर कर्ण आणि हायपोटेन्युज दोन्ही लिहितात. सुरुवातीलाच एक टेस्ट घेतली, त्यात बऱ्याच जणांची भूमिती कच्ची निघाली, मग बीजगणित मागे ठेवलं आणि पायथागोरसपासून परत सगळं घेतलं, बरोबरच आहे, बोर्डाला दोन्ही पेपर 40-40चेच असतात ना. मोठ्या क्लासवाल्यांचं टाईमटेबल आधीच छापलेलं असतं, समोर कोण बसलंय ते कोण बघतंय! फक्त हुशार पोरं थोडी कंटाळतात, त्यांना जास्तीची अवघड गणितं द्यायला हवीत. फी वाजवी, जागा मात्र फारच अडचणीची.