सॉर्ब पद्धतीने अंडी रंगवायचा संच: पिसं उत्तम, चमचा बदला

सॉर्ब हा पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातला, सुमारे ६०,००० लोकांचा स्लाव समाज. ईस्टरची अंडी मेणाने नक्षीदार करण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. ही कला घरी शिकण्यासाठीच्या या संचात हंसाची कापलेली पिसं, गोल डोक्याच्या टाचण्या, मधमाश्यांचं मेण, वाकवलेला चमचा आणि पिवळा, लाल, निळा, काळा अशा रंगांच्या पुड्या आहेत.

पैसे वसूल होतात ते पिसांमुळे. टोकं त्रिकोणी आणि शंकरपाळ्याच्या आकारात अगदी स्वच्छ कापलेली असल्याने वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर टेकवलं की ठसा रेखीव उठतो. टाचणीच्या डोक्याने ठिपके द्यायचे. त्रिकोणांची रांग म्हणजे लांडग्याचे दात, अरिष्ट दूर ठेवणारे. मधाच्या पोळ्याची नक्षी ही कष्टाळूपणाची खूण. माहितीपत्रकात यातलं काही नाही, सॉर्ब लोकांचं नावही नाही. ज्यांची कला विकता, त्यांचं नाव छापायलाच हवं.

मेण वितळवायचा चमचा पातळ पत्र्याचा आहे. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण यात ते लगेच जास्त तापून धुरावतं आणि पिसाचं टोक करपतं. घरातला जाड स्टीलचा चमचा घ्या. मेण कमी तापलं तर ठसा पांढरट दिसतो आणि रंगात बुडवताच सुटतो. नीट बसलेला ठसा अर्धपारदर्शक दिसतो.

क्रम बाटिकचाच, म्हणजे मेणाखाली झाकलेल्या जागी पुढचा रंग चढत नाही. पांढरं ठेवायचं तिथे आधी मेण, मग पिवळा रंग. सुकल्यावर पुढचे ठसे, मग लाल, शेवटी काळा. रंगाचं पाणी पूर्ण निवलेलं हवं, नाहीतर मेण वितळून नक्षी फिसकटते. अंडं आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. बोटांचं तेल राहिलं तर तिथे रंग धरत नाही. भोकं पाडून रिकामी केलेली पोकळ अंडी तरंगतात आणि भोकांतून रंग आत शिरतो, म्हणून सरावाला कडक उकडलेली बरी. मात्र रंग खाद्य असल्याचं पुड्यांवर लिहिलेलं नाही, तेव्हा ती खाऊ नका. गावरान अंड्यांच्या तपकिरी कवचावर पिवळा खुलत नाही, पांढरीच आणा.

मेण काढताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरा. वर धरलंत तर काजळी बसते. वितळलेलं मेण मऊ कापडाने टिपलं की उरलेल्या पातळ थराने छान चकाकी येते. मेण गोठून कडक झालेलं पीस फेकू नका, गरम मेणात क्षणभर बुडवलं की ते पुन्हा चालतं.