फराळाचं पार्सल: व्हॅक्यूम, नायट्रोजन की स्टीलचा डबा?

दिवाळीच्या आधी इंदूरच्या मराठी घरांतून पुण्या-मुंबईला, परदेशात फराळाची पार्सलं निघतात. त्यासाठी पिशवीतली हवा काढून तिचं तोंड सील करणारं व्हॅक्यूम मशीन घ्यावं का? पार्सलमध्ये काय जाणार, त्यावर ते ठरवा.

तळणाला व्हॅक्यूम नको. पिशवीतली हवा गेली की बाहेरच्या हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 1 किलो, पदार्थावर येतो. चकलीचे काटे मोडतात, अनारशाचे तुकडे होतात, शेवेचा तर भुगाच. नमकीनची पाकिटं फुगलेली असतात ती म्हणूनच. आत नायट्रोजन भरलेला असतो. तेल खवट करतो तो हवेतला ऑक्सिजन. नायट्रोजन तेलाच्या वाटेला जात नाही आणि पदार्थ दबूही देत नाही. घरी सिलिंडर कोण ठेवणार? नायट्रोजन भरून देणारा एखादा नमकीनवाला गाठावा. पंधरा दिवसांत फस्त होणारा फराळ मात्र काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातही छान राहतो.

व्हॅक्यूमचं खरं काम काजू-बदाम, गोडा मसाला, भाजणी, रवा यांच्यासाठी. इंदूरच्या सियागंज बाजारातून वर्षाचं सामान भरणाऱ्यांना तर ते फारच सोयीचं, कारण हवेवाचून रव्यात अळ्या-किडे जगत नाहीत. पीठ किंवा मसाला आधी कागदी पिशवीत घालून मगच मशीनच्या पिशवीत ठेवा, नाहीतर हवेबरोबर पूडही ओढली जाते. सीलच्या पट्टीत भाजणीचा कण जरी अडकला तरी सकाळी पिशवी सैल पडलेली दिसते. तोंड कोरड्या फडक्यानं पुसा, दोनदा सील करा. घरगुती मशीनला आतून खरबरीत पिशव्याच लागतात. गुळगुळीत पिशवीतली हवा नीट निघत नाही.

पुरणपोळी, मावा, पनीर, कच्चा लसूण यांच्या बाबतीत मी अगदी कळकळीनं सांगते: व्हॅक्यूम केलं म्हणून बाहेर ठेवू नका. हवा काढल्यानं जंतू मरत नाहीत. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू तर हवा नसतानाच वाढतो, आणि त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. हे पदार्थ फ्रिजमध्येच ठेवा, पार्सलमध्ये घालूच नका.

नुसत्या दिवाळीच्या पार्सलासाठी मशीन घेऊ नका. वर्षाचा मसाला, भाजणी घरी होत असेल तर जरूर घ्या. फक्त भाजलेलं पूर्ण गार झाल्यावरच भरा, वाफ आत राहिली तर बुरशी धरते.