म्युझिक प्लेअर ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

मी गाणं शिकते. शिकवणीचं ध्वनिमुद्रण फोनवरच करते, एकेक तास-सव्वा तासाचं, आणि आठवडाभर तेच ऐकून रियाज करते. शिवाय सीडींवरून उतरवलेली आणि विकत घेतलेली साधारण ४,००० गाणी फोनमध्ये आहेत. तेव्हा इथे स्ट्रीमिंगबद्दल काही नाही, स्वतःजवळच्या फाइली वाजवणाऱ्या ॲपबद्दल लिहिते आहे. आठ महिन्यांत तीन ॲप वापरली. तिसरं अजून फोनमध्ये आहे.

पहिलं दिसायला सगळ्यांत देखणं होतं. आवाजातला खर्ज-तार भाग कमी-जास्त करणारा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर, अल्बमच्या चित्राप्रमाणे बदलणारे रंग, सगळं होतं. महिनाभरात मनातून उतरलं. एका ध्वनिमुद्रणात ५७व्या मिनिटाला एक तान आहे, चार दिवस मी तीच घोटत होते. मध्ये फोन आला, दहा मिनिटं बोलणं झालं, परत येऊन हेडफोनचं बटण दाबलं तर काहीच नाही. ॲप उघडलं तर ते नव्याने सुरू झालं आणि ध्वनिमुद्रण शून्यावर. मग बोटाने पट्टी सरकवत ती जागा शोधायची. फाइल ७५ मिनिटांची, स्क्रीनवरची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटर. बोट एक मिलिमीटर हललं की सव्वा मिनिट इकडचं तिकडे होतं. तान सापडेपर्यंत तापलेला गळा थंड झालेला असतो.

यात थोडा दोष फोनचाही आहे. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून फोन नुसता पडून असला की ॲप्सना झोपवलं जातं, आणि फोन बनवणारे त्यावर आपापली बॅटरी बचत चढवतात. गाणं वाजत असेपर्यंत प्लेअर नोटिफिकेशन धरून जिवंत राहतो. पॉज केल्यावर बरेचदा ते कवच जातं, आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम त्याला बंद करून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपवरची बॅटरीची मर्यादा काढली तर हे बरंच कमी होतं, आणि कुठलाही प्लेअर टाकल्यावर पहिलं काम हेच करावं. पण आपण कुठवर आलो होतो ते लिहून ठेवणं पूर्णपणे ॲपच्या हातात आहे. दर काही सेकंदांनी एक आकडा साठवायचा, एवढंच ते काम. इतका इक्वलायझर बनवणाऱ्यांना हे सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या ॲपला जागा लक्षात राहायची, पण फक्त शेवटच्या फाइलची. मध्ये एखादं दुसरं गाणं लावलं की शिकवणीची जागा गेलीच. शिवाय फोनमध्ये जे जे वाजतं ते सगळं त्याने गाणं म्हणून गोळा केलं. रात्री दिवा मालवून शफल लावलं होतं, तर दोन गाण्यांच्या मध्ये मैत्रिणीचा ‘पोचलीस का गं?’ असा व्हॉइस मेसेज लागला. ठरावीक फोल्डर वगळायची सोय नव्हती. पंधरवड्यात काढून टाकलं.

तिसऱ्याला प्रत्येक फाइलची वेगळी जागा लक्षात राहते. त्यातल्या त्यात वीस मिनिटांपेक्षा मोठ्या फाइलींचीच ठेव, असंही सांगता येतं, त्यामुळे साधी गाणी नेहमीसारखी पहिल्यापासून लागतात. दोन क्यू, म्हणजे वाजायच्या फाइलींच्या रांगा, शेजारी शेजारी राहतात, एक शिकवणीचा आणि एक गाण्यांचा. आणि अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. ती ५७व्या मिनिटाची तान मी अकरा सेकंदांच्या तुकड्यात बांधून घेतली. सुराची पट्टी तीच ठेवून गती कमी करता येते. गती ०.७५ ठेवली तर आवाज स्वच्छ राहतो, तानेतला एकेक स्वर सुटा ऐकू येतो. निम्म्यावर आणली की तानपुऱ्याचा नाद थरथरायला लागतो. तिथे स्वर कसा लागलाय हे नीट कळत नाही, म्हणून तेवढ्या खाली मी जात नाही.

शोधात मात्र तिसरंही नापास. माझ्या फाइलींची नावं देवनागरीत आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक अखंड, जे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत) २००८ साली आलं, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र चढवून जोडलेलं. ‘वाऱ्या’मधला अर्धा ‘र’ही असाच दोन प्रकारे लिहिला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, ॲपला मात्र ते वेगवेगळे शब्द वाटतात. नाव कॉम्प्युटरवर एका कीबोर्डने दिलेलं आणि शोध फोनवर दुसऱ्या कीबोर्डने, की ‘काही सापडलं नाही’. समोर यादीत ते गाणं दिसत असतं! जुन्या एमपी३ फाइलींचं दुखणं आणखी वेगळं. फाइलीतच गाण्याचं नाव, गायक वगैरे लिहून ठेवलेलं असतं, त्याला टॅग म्हणतात. १९९६च्या आयडी३ टॅगमध्ये शीर्षकाला फक्त ३० बाइट जागा आहे आणि युनिकोडची सोयच नाही, त्यामुळे ॲपने तो टॅग वाचला तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. मी चार रविवार बसून कॉम्प्युटरवर सगळे टॅग नव्या आवृत्तीत लिहून घेतले आणि जुने पुसले. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात, खरं तर गाणं सलग चाललेलं असतं. पहिल्या ॲपमध्ये त्या जोडावर ठेका तुटायचा. एमपी३ बनवताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरली जाते, कारण हा प्रकार १,१५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या) ठरावीक चौकटींतच आवाज साठवतो. किती भरली ते फाइलीत नोंदवलेलं असेल तर चांगला प्लेअर ते वाचून तेवढा भाग कापतो. तिसरं ॲप कापतं. फ्लॅक या, आवाजातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइल प्रकारात हा प्रश्न मुळातच नाही, म्हणून मैफली मी आता फ्लॅकमध्येच उतरवते. जागा जास्त लागते, लागू दे.

आवाजाची पातळी सारखी करणारं रिप्लेगेन आहे. मैफलींना ते अल्बमनुसार ठेवा, ट्रॅकनुसार ठेवलं तर आलापातला हलका आवाजही द्रुताइतका मोठा होतो. इक्वलायझर मी उघडलेलाही नाही.

एक फटका तिसऱ्याकडूनही बसला. सहाव्या महिन्यात मी गाणी मेमरी कार्डावरून फोनच्या मेमरीत हलवली आणि सगळ्या प्लेलिस्ट रिकाम्या झाल्या. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, फाइलींचे पत्ते असतात, आणि पत्ता बदलला होता. नशिबाने आदल्याच आठवड्यात मी त्या एम३यू८ प्रकारात बाहेर काढून ठेवल्या होत्या. ती साधी मजकुराची फाइल असते. कॉम्प्युटरवर उघडून जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता घातला, फाइली परत फोनमध्ये टाकल्या, आणि अकराच्या अकरा याद्या जशाच्या तशा भरल्या. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या बाहेर काढून ठेवते. हे आपोआप करण्याचं सेटिंग अजून आलेलं नाही, मी ॲप बनवणाऱ्यांना दोनदा लिहून कळवलं आहे.